शिक्षणातील खंड आणि मराठी आत्मपर लेखन : एक पुनर्वाचन

प्रास्ताविक

शाळा अर्ध्यावर सुटलेली, किंवा शाळेचे वय शाळेवाचूनच सरलेली व्यक्ती विशीत-तिशीत पुन्हा पाटीपुस्तकाकडे वळते, हा अनुभव महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाला नवा नाही. प्राथमिक शिक्षणानंतर जोतीराव फुले यांची शाळा सुटली होती. काही वर्षे शेतात काम केल्यावर १८४१ मध्ये ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. पुढे १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी दिवसभर राबणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. या शाळेचा विचार जोतीरावांच्या स्वतःच्या सुटलेल्या शाळेपासून तोडून करता येईल, असे वाटत नाही. ज्याची शाळा एकदा सुटली आहे, त्यालाच दिवस मावळल्यावर शाळा भरवावी लागते हे प्रथम सुचते.

अशा उशिरा शिकणाऱ्यांचे अनुभव पुढील काळात आत्मचरित्रांतून आणि आत्मकथनांतून विपुल प्रमाणात आले. तथापि मराठी समीक्षेने या अनुभवाची स्वतंत्र दखल फारशी घेतलेली नाही. स्त्रियांची आत्मचरित्रे सुधारणा-चळवळीच्या संदर्भात वाचली जातात, दलित आत्मकथने जातिव्यवस्थेच्या संदर्भात, तर कामगारवर्गातून आलेल्या लेखकाचे साहित्य वर्गीय जाणिवेच्या संदर्भात. हे संदर्भ अपरिहार्य आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांच्या चौकटीत उशिरा शिकणाऱ्या व्यक्तीचे प्रत्यक्ष शिकणे हे कोणत्या तरी मोठ्या कथेचा पुरावा म्हणून उरते. शिकण्यासाठी वेळ कोठून आला, त्या वेळेची किंमत कोणी मोजली, आणि शिक्षण थांबलेल्या वर्षांत जे काही हाती आले त्याचे पुढे काय झाले, हे प्रश्न विचारले जात नाहीत.

प्रस्तुत लेखात पार्वतीबाई आठवले यांचे ‘माझी कहाणी’ (१९२८), आनंदीबाई तथा बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) या तीन ग्रंथांचा या प्रश्नांच्या अनुषंगाने विचार केला आहे. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५) आणि नारायण सुर्वे यांची जीवनकथा यांचा आधार तुलनेपुरता घेतला आहे. यांतील प्रत्येकीचा खंड एकाच जातीचा नाही, हे आरंभीच नोंदवले पाहिजे. कर्वे-आठवले भगिनींच्या वाट्याला शाळेचे वयच आले नव्हते. ऊर्मिला पवार मॅट्रिकपर्यंत पोहोचून थांबल्या होत्या. असे असले तरी शिकण्याचे रूढ वय उलटून गेल्यावर, संसाराचा किंवा वैधव्याचा भार अंगावर असताना वर्गात येऊन बसणे, ही स्थिती तिघींना समान आहे.

आपल्या महाविद्यालयांत प्रवेशाच्या वेळी शिक्षणात खंड पडलेल्या विद्यार्थ्याकडून जे ‘गॅप सर्टिफिकेट’ मागितले जाते, त्याचे स्वरूप येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मधल्या काळात आपण अन्यत्र कोठेही प्रवेश घेतलेला नव्हता आणि कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हतो, अशा आशयाचे ते प्रतिज्ञापत्र असते. म्हणजे त्या वर्षांत काहीही घडलेले नाही, एवढेच शपथेवर सांगावयाचे. प्रस्तुत आत्मकथने नेमक्या याच कोऱ्या जागेत लिहिली गेली आहेत. खंडाच्या वर्षांत कमावलेल्या कौशल्यांवर आणि सोसलेल्या अटींवर पुढचे शिक्षण उभे राहिले, असे ही पुस्तके दाखवतात; आणि आपली समीक्षा मात्र ती वर्षे रिकामी समजून वाचत आली आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

‘विद्यापीठ’ या रूपकाची अडचण

नारायण सुर्वे यांच्याविषयीच्या लेखनापासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी वाढवलेल्या या मुलाची शाळा चौथीनंतर सुटली. गंगाराम निवृत्त होऊन कोकणात परतले आणि मुलगा मुंबईत एकटा राहिला. घरगडी, हॉटेलातील पोऱ्या, गिरणीतील कामगार, शाळेतील शिपाई अशी कामे त्यांनी केली. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांनी त्यांचे नाव मराठी कवितेत स्थिर केले. दुसऱ्या संग्रहाचे शीर्षक आपल्या समीक्षेला इतके आवडले की, रस्ता, गिरणी आणि चाळ हेच या कवीचे विद्यापीठ, हे वाक्य सुर्वे यांच्यावरील प्रत्येक गौरवपर लेखाचा जणू ठरलेला भाग झाले. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही ते हमखास आढळते.

या रूपकात काव्यदृष्ट्या काही खोटे नाही. अडचण आहे ती रूपकाने झाकलेल्या एका साध्या वस्तुस्थितीची. सुर्वे यांनी प्रौढपणी सातवीची परीक्षा दिली, शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले, आणि ज्या महानगरपालिकेच्या शाळांत शिपाई म्हणून काम केले त्याच व्यवस्थेत ते शिक्षक झाले. जीवनाच्या विद्यापीठाने त्यांना खडू हाती धरण्याचा अधिकार दिला नव्हता. तो परीक्षेच्या प्रमाणपत्राने दिला. शिपायाने नोकरी सांभाळून, बायकामुलांच्या गर्दीत, लहानशा खोलीत अभ्यास करून परीक्षा उत्तीर्ण होणे यात रोमांचक असे काही नसते. म्हणूनच कदाचित त्यावर कोणी लिहिले नाही. परंतु अनुभव हीच खरी शाळा असे म्हणणारा समीक्षक बहुधा पदवीधर असतो, आणि पदवीचे मोल काय असते हे त्याला चांगले ठाऊक असते. पदवी नसलेल्याला तिची गरज नव्हती असे सांगणे हा गौरवाचा प्रकार असला, तरी त्यात एक सोयीस्करपणा आहे.

वय, आणि कोणाचे वय

उशिरा शिकणाऱ्याच्या वाटेत पहिला येतो तो वयाचा प्रश्न. कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’तील साताऱ्याच्या पायपिटीचा प्रसंग पाठ्यपुस्तकांमुळे सर्वपरिचित आहे. १८७५ मध्ये मुरुडहून घाट ओलांडून ते परीक्षेसाठी साताऱ्याला पोहोचले, आणि वय कमी दिसते या कारणावरून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. पुढे मॅट्रिकची परीक्षा ते १८८१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी उत्तीर्ण झाले, आणि १८८४ मध्ये पदवीधर झाले. तोपर्यंत त्यांचे लग्न होऊन संसारही सुरू झाला होता. आजच्या हिशेबाने हा विद्यार्थी मागे पडलेला होता. आपण मात्र त्या विलंबाला चिकाटी म्हणतो, आणि योग्यच म्हणतो.

त्याच घरातील स्त्रियांच्या विलंबाला हा शब्द मिळाला नाही. देवरुखच्या जोशी यांच्या कन्या गोदूबाई आठव्या वर्षी, लग्नानंतर अल्पावधीतच विधवा झाल्या. त्यांचे भाऊ नरहरपंत हे कर्वे यांचे मित्र. मुंबईत भावाचे घर सांभाळण्यासाठी गोदूबाई आल्या, आणि पंडिता रमाबाई यांनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले तेव्हा तेथील अगदी पहिल्या विद्यार्थिनींमध्ये त्यांचा समावेश झाला. त्या वेळी त्यांची विशी उलटून गेली होती. १८९३ मध्ये कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई यांचा जन्म १८७० चा. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा. त्या पुण्यात शिकण्यासाठी आल्या तेव्हा त्यांचे वय सव्वीस होते, आणि मुळाक्षरांपासून सुरुवात होती.

साताऱ्याच्या परीक्षकाला तरुण कर्वे यांचे वय कमी वाटले, तर समाजाला या दोघी बहिणींचे वय जास्त वाटले. दोन्ही ठिकाणी शिकू इच्छिणाऱ्याच्या तयारीऐवजी त्याच्या दिसण्याकडे पाहिले गेले. पहिला प्रसंग आपण अन्याय म्हणून शिकवतो; दुसरा ‘तत्कालीन परिस्थिती’ या सदरात टाकून पुढे जातो.

ओट्यापासून वर्गापर्यंत

‘माझे पुराण’ आणि ‘माझी कहाणी’ ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली असता एक गोष्ट चटकन जाणवते. शिकण्याच्या प्रत्यक्ष क्रियेविषयी, म्हणजे पाठ, वर्ग, परीक्षा यांविषयी दोघीही तुलनेने कमी बोलतात. त्या बोलतात ते कोणाच्या घरी राहिलो, कोणी काय बोलले, जेवणाची पंगत कोठे मांडली गेली, पैसा कोठून आला आणि कोठे गेला याविषयी. निवेदनातील या प्रमाणावरून काही अभ्यासकांनी अशा लेखनाला घरगुती किंवा मर्यादित म्हटले आहे. मला हे मत ग्राह्य वाटत नाही. लहान मुलाच्या शिक्षणात राहणे, जेवणे आणि पैसा ही पार्श्वभूमी असते, कारण ती दुसऱ्याने सांभाळलेली असते. प्रौढ विद्यार्थ्याच्या बाबतीत तोच शिक्षणाचा गाभा असतो. पंगतीचा प्रश्न सुटल्याशिवाय पाटी हाती येत नाही. तेव्हा या लेखिका विषयापासून भरकटत नाहीत. त्या विषयाच्या मध्यभागीच आहेत.

मुंबईला गोदूबाई आल्या त्या विद्यार्थिनी म्हणून नव्हे, घरकामासाठी. घरकामामुळे त्यांना माहेरच्या गावाबाहेर पडता आले, शहरात राहण्याला कारण मिळाले आणि त्यातूनच शारदासदनापर्यंतचा रस्ता निघाला. वैधव्याच्या पंधरा-सोळा वर्षांत त्यांनी जे काही शिकून घेतले, त्याला कोणी शिक्षण म्हटले नसते. परंतु त्या कामाच्या बळावरच भावाच्या बिऱ्हाडात त्यांची गरज निर्माण झाली, हे वाचकाने विसरू नये. सुधारकांच्या चरित्रांत हा भाग ‘गोदूबाई मुंबईस आल्या’ एवढ्या वाक्यात आटोपतो.

पुस्तकाचे शीर्षकही विचार करण्यासारखे आहे. ‘पुराण’ या शब्दाला मराठीत कंटाळवाण्या, लांबलेल्या कथनाचा एक अर्थ आहे. आपले सांगणे ऐकून कोणी ‘पुरे तुझे पुराण’ म्हणेल, हे ओळखून बायांनी तो शब्द आधीच स्वतःकडे घेतला असावा. त्यांची कथनपद्धती बोलण्याच्या अंगाने जाते. नवऱ्याच्या महर्षिपदाचे दडपण तिच्यावर नाही. कर्वे यांनी आयुर्विम्याची ५००० रुपयांची रक्कम आश्रमाला देऊन टाकली तेव्हा त्यांना आलेला राग पुस्तकात लपवलेला नाही. हा प्रसंग सहसा त्यागी पती आणि संसारी पत्नी अशा जोडीत बसवला जातो. वस्तुतः येथे दोन हिशेब समोरासमोर येतात. एका स्त्रीला तिशीच्या आत वैधव्य, शिक्षण, पुनर्विवाह आणि मुरुडच्या ग्रामस्थांचा बहिष्कार हे सारे पाहावे लागले होते. आधार कसा अचानक सुटतो, हे तिला ठाऊक होते. तिच्या दृष्टीने ती रक्कम म्हणजे मुलांची शाळा न सुटण्याची हमी होती. स्वतःची शाळा न मिळालेली आई हा हिशेब घालते तेव्हा त्याला संकुचितपणा म्हणणे अवघड आहे.

प्रवेशाची अट

या दोन बहिणींच्या कहाण्यांतील सर्वात बोचरा भाग यापुढे आहे. अनाथ बालिकाश्रमाची स्थापना १८९६ मध्ये झाली आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. विधवांचे शिक्षण आणि विधवांचे पुनर्विवाह ही दोन कामे कर्वे यांनी जाणीवपूर्वक अलग ठेवली. तसे न केल्यास लोक आपल्या मुली आश्रमात पाठवणार नाहीत, अशी त्यांची व्यवहारी जाणीव होती. त्याचा परिणाम असा झाला की, शारदासदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक असलेल्या आणि संस्थापकाची पत्नी असलेल्या आनंदीबाईंना, पुनर्विवाहिता म्हणून, सुरुवातीच्या काळात आश्रमापासून दूर राहावे लागले. हे शल्य ‘माझे पुराण’मध्ये स्पष्ट उमटले आहे. उलटपक्षी, केशवपन केलेल्या, आलवण नेसणाऱ्या पार्वतीबाई आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. वर्गणीसाठी त्या गावोगाव हिंडल्या. सोवळ्या विधवेच्या त्या वेशामुळे संस्थेवर लोकांचा विश्वास बसत होता. १९१२ मध्ये त्यांनी केशवपन सोडले; तोपर्यंत त्यांच्या आश्रमातील कामाला बराच काळ लोटला होता.

एकाच आईच्या दोन मुली, दोघी उशिरा शिकलेल्या. एकीने शिक्षणानंतर जे आयुष्य निवडले त्यामुळे तिला संस्थेचे दार बंद झाले, आणि दुसरीला ते उघडे राहिले याचे एक कारण तिच्या डोक्यावरील वस्तरा हे होते. संस्था प्रौढ विद्यार्थ्याला प्रवेश देते तेव्हा ती केवळ त्याची इयत्ता पाहत नाही. त्याने खंडाच्या काळात कसे वागावयास हवे होते आणि पुढे कसे दिसावयास हवे, याचीही अट घालते. कर्वे यांच्यावर या लेखातून दोषारोप करण्याचा हेतू नाही. त्या काळी आश्रम टिकवण्यासाठी दुसरा मार्ग होता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण त्या धोरणाची किंमत कोणी मोजली, हे ‘आत्मवृत्ता’त शोधू गेल्यास पुरेसे सापडत नाही, ‘माझे पुराण’मध्ये सापडते. एवढ्या एका कारणासाठी तरी हे दोन ग्रंथ एकत्र नेमले जावेत. आपल्या अभ्यासक्रमांत बहुधा पहिला संदर्भग्रंथ असतो आणि दुसरा पूरक वाचन.

पार्वतीबाईंची विसंगती

‘माझी कहाणी’ हे पुस्तक आधुनिक स्त्रीवादी वाचनाला अडचणीत टाकते, आणि ती अडचण टाळून चालणार नाही. पार्वतीबाईंच्या मते स्त्रियांचे आणि पुरुषांचे शिक्षण एकसारखे असण्याचे कारण नाही. गृहिणीपद आणि मातृत्व हे स्त्रीचे स्वाभाविक क्षेत्र असून तिचे शिक्षण त्याला अनुरूप असावे. ग्रंथातील हा भाग उपदेशाच्या अंगाने जातो आणि वाङ्मयीनदृष्ट्या तो दुबळा आहे. अनुभव सांगताना जिवंत असलेली भाषा येथे व्याख्यानाची होते.

परंतु हेच मत मांडणारी ही स्त्री इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेसाठी निधी मिळवण्यासाठी १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, अमेरिकेला गेली. इंग्रजी शिकण्याचे आधीचे तिचे प्रयत्न कामाच्या धबडग्यात अर्धवट राहिले होते. म्हणजे सव्विसाव्या वर्षी सुरू झालेले तिचे शिक्षण मधे पुन्हा खंडित झाले होते, आणि ते जोडण्यासाठी ती समुद्र ओलांडून गेली. तेथे हाती पैसा नव्हता. शाकाहारी, नऊवारी नेसणारी ही विधवा परक्या घरांत घरकामाची नोकरी करून राहिली आणि काम करता करता भाषा शिकली. १९२० मध्ये ती परतली. पुढे जस्टिन ॲबट यांनी तिच्या आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. जी भाषा मिळवण्यासाठी तिने भांडी घासली, त्या भाषेत तिची कहाणी अशी दुसऱ्याच्या हातून गेली.

अमेरिकेतील या प्रकरणाकडे साहसकथा म्हणून पाहिले जाते. माझ्या मते गृहशिक्षणाविषयीच्या तिच्या मतांचा उलगडा येथेच होतो. देवरुखच्या घरात मुलगी म्हणून आणि सून म्हणून जे हातकाम तिच्या अंगवळणी पडले होते, तेच तिच्या परदेशातील शिक्षणाचे शुल्क ठरले. ज्या स्त्रीने आपले इंग्रजी शिक्षण अक्षरशः घरकामाच्या मजुरीवर विकत घेतले, तिला घरकाम हे शिक्षणाच्या विरोधी वाटेल कसे? आपल्याला ते विरोधी वाटते, कारण आपल्यापैकी बहुतेकांना शिकत असताना कोणी तरी ताट वाढून दिलेले असते. तिचा निष्कर्ष आपण नाकारू शकतो, नाकारावाही. समग्र स्त्रीजातीचा अभ्यासक्रम एका स्त्रीच्या अनुभवावर बेतता येत नाही. तथापि तो निष्कर्ष परंपरेच्या निमूट स्वीकारातून आला, असे म्हणणे तिच्या आयुष्याला धरून होणार नाही.

‘आयदान’ : विणीतील सुटलेले टाके

‘आयदान’कडे येताना सुमारे पाऊण शतकाचे अंतर ओलांडावे लागते, जात आणि वर्ग बदलतात, प्रदेश मात्र तोच रत्नागिरीचा राहतो. १९४५ मध्ये जन्मलेल्या ऊर्मिला पवार यांचे वडील शिक्षक होते. त्यांच्या अकाली मृत्यूनंतर आईने बांबूची आयदाने विणून मुलांची शिक्षणे चालू ठेवली. ब्राह्मण विधवेला जे अक्षर नाकारले गेले होते ते या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीमुळे आग्रहाचा विषय झाले होते, हा फरक मूलभूत आहे. ऊर्मिलाबाई मॅट्रिकपर्यंत शिकल्या, नोकरीला लागल्या, लग्न झाले, मुले झाली. पदवी आणि त्यानंतर मराठीतील एम.ए. ही शिक्षणे नोकरी, संसार आणि पुढे लेखन-चळवळ यांच्या सोबतीने झाली.

येथे अडसर वेगळ्या जागी आहे. संस्थेचे दार कायद्याने उघडे आहे, फी परवडणारी आहे, विषय आवडीचा आहे. ताण आहे तो घरात. शिकलेल्या, चळवळीची भाषा जाणणाऱ्या पतीलाही बायकोचे वाढते शिक्षण सहजपणे पचत नाही. संसार आधी, अभ्यास नंतर हा क्रम तो सोडत नाही. लेखिकेने हा ताण पतीला खलनायक न करता सांगितला आहे, आणि या संयमात ‘आयदान’चे मोठे वाङ्मयीन यश आहे. फणसवळे गावातील बायका, बाजारहाटाच्या पायवाटा, आईचे बोट आणि बांबूची पाती यांची वर्णने जितकी घट्ट आहेत, तितकी घट्ट वीण विद्यापीठीय शिक्षणाविषयीच्या भागाला नाही, हेही नोंदवले पाहिजे. वर्ग, प्राध्यापक, पुस्तके यांची नावनिशी फारशी लागत नाही. ज्या लेखिकेने मीनाक्षी मून यांच्यासह ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) सारखा संशोधनग्रंथ सिद्ध केला, तिला आपल्या औपचारिक शिक्षणाविषयी सांगण्यासारखे कमी असावे, हे मराठी विभागांनी जरा मनावर घेण्यासारखे आहे.

कर्वे-आठवले भगिनींप्रमाणे येथेही खंडाच्या काळातील हातकाम आणि शिकणे यांचा संबंध आहे. विणकाम आईचे, लेखन मुलीचे. पुस्तकाच्या शीर्षकाने तो संबंध स्वतःच सांगितला आहे. समीक्षेने या शीर्षकाला प्रतीक म्हणून भरपूर वाखाणले. आयदान विकून आलेल्या पैशातून वह्या आल्या, या व्यवहाराला मात्र प्रतीकाआधीचे स्थान दिले पाहिजे.

आपले वर्ग

आज या पुस्तकांचा वाचक कोण आहे? कला शाखेच्या वर्गात, विशेषतः बहिःस्थ आणि मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांवर, नियमित वयाच्या मुलामुलींबरोबर अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, सासरी आल्यावर ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून दहावी-बारावी झालेल्या स्त्रिया बसतात. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढून पदवीची वाट खुली केली, तेव्हा पारंपरिक महाविद्यालयांतील अनेक अध्यापकांनी नाके मुरडली होती. त्या नापसंतीत दर्जाची काळजी किती आणि वयाविषयीची अढी किती, हे तपासले गेले नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षण मधेच थांबवून पुन्हा सुरू करण्याची तरतूद आहे. बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र देणे सोपे आहे. परत येणाऱ्याला वेळापत्रकात जागा देणे अवघड आहे, आणि आपल्या तासिका अजूनही सकाळी साडेसात ते दुपारी बारा अशाच लागतात.

अध्यापनाच्या अनुभवातून एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. ‘माझे पुराण’मधील विम्याच्या रकमेचा प्रसंग वर्गात चर्चेला घेतला असता नियमित वयाचे विद्यार्थी बहुधा कर्वे यांच्या बाजूने बोलतात, त्यांना त्याग भावतो. खंडानंतर परतलेल्या विद्यार्थिनी बायांच्या बाजूने बोलतात, आणि त्यांचे युक्तिवाद अधिक तपशीलवार असतात. त्या वर्षाला मुलांच्या फीचा आकडा मांडतात, घरभाडे धरतात. एकीने तर पाच हजारांवर त्या काळी किती व्याज मिळाले असते, हे विचारले होते. असा प्रश्न आपल्या प्रश्नपत्रिकेत कधी आलेला नाही. तिच्या चाचणीच्या उत्तरात पात्रचित्रण, निवेदनशैली हे घटक आले नव्हते, त्यामुळे प्रचलित गुणदान योजनेनुसार तिला दहापैकी चार गुण मिळत होते. ती योजना अंतर्गत मूल्यमापनापुरती बदलावी, असा प्रस्ताव विभागाच्या बैठकीपुढे ठेवला असून त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.